तेवीस दिवसांनी आलेला ठिपका

१

त्या सकाळी प्रयोगशाळेत चौऱ्याऐंशी पाकिटं आली. त्यातलं एक पाकीट यायलाच नको होतं.

पाकिटं उघडायचं काम ठिपकेवालीचं. आठ वर्षं ती त्याच टेबलावर बसत होती, म्हणून सगळे तिला याच नावाने हाक मारायचे. लोक घरच्या घरी बोटाला बारीक सुई टोचायचे, जाड कागदाच्या कार्डावरच्या दोन वर्तुळांत रक्ताचा एकेक थेंब सोडायचे, कार्ड वाळवून टपालाने पाठवायचे. त्या वाळलेल्या ठिपक्यातून ओमेगा-३, म्हणजे माशात असणारी चांगली चरबी, किती ते मोजायचं. चार टक्क्यांच्या खाली असेल तर कमी, आठच्या वर असेल तर उत्तम. खाली तपासणाऱ्याची सही, आणि रिपोर्ट रवाना.

तिने पाकिटावरचं नाव वाचलं आणि तिचा हात थांबला. नाव तिच्या आईचं होतं.

आईशी ती नऊ वर्षं बोलली नव्हती. पण गेली चार वर्षं दर चार महिन्यांनी आईचं कार्ड याच टेबलावर येत होतं. आई जिवंत आहे, तिचा हात अजून स्थिर आहे, सात लिहिताना ती अजून मधे आडवी रेघ मारते, एवढं त्या कार्डावरून कळायचं. लेकीला तेवढ्यावर चार महिने काढता यायचे. आई ही तपासणी कशासाठी करते आणि नेमकी इथेच का करते, हा विचार ती मुद्दामच करत नसे.

मात्र आईचं मागचं कार्ड येऊन चार महिने झाले नव्हते. तेवीस दिवस झाले होते.

ठिपकाही नेहमीसारखा नव्हता. आई शिवणकाम करणारी बाई, थेंब सोडायची तो नेमका वर्तुळाच्या मध्यावर, बटण लावावं तसा. हा ठिपका फिका होता आणि वर्तुळाची रेघ ओलांडून पसरला होता. कार्डावरची तारीख मात्र आईच्याच अक्षरात होती. सात आडव्या रेघेसकट.

दुपारी यंत्रातून आकडा आला. ४.१, ३.९, ३.८, ४.०, असे आईचे आकडे चार वर्षं जागचे हलले नव्हते. आजचा आकडा होता ७.२.

२

तिने दुसरा ठिपका कापून परत यंत्राला लावला. ७.१.

"यंत्राची चूक नाही, साहेब," तिने कागद पुढे केला.

साहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला. "बाईंनी माशाच्या तेलाच्या गोळ्या सुरू केल्या असतील. चांगलं आहे की."

"तेवीस दिवसांत? आपण मोजतो ते लाल पेशींमधलं. लाल पेशी चार महिने जगते. जुन्या पेशी जाऊन नव्या येईपर्यंत आकडा हळूहळू चढतो. मूठ मूठ गोळ्या खाल्ल्या तरी तीन आठवड्यांत चाराचे सात होत नाहीत."

"मग कुणा दुसऱ्याचं रक्त असेल. नवऱ्याचं, सुनेचं. लोक काय वाट्टेल ते करतात. कार्ड बाद कर आणि लिही, नमुना पुन्हा पाठवावा."

"दुसऱ्याचं रक्त असेल तर बाई कुठे आहेत, साहेब?"

साहेबांनी चष्मा खाली घेऊन तिच्याकडे नीट पाहिलं. "तुला काय करायचंय?"

बाई आपली आई आहे, हे तिने त्यांना कधी सांगितलं नव्हतं. तिने कुणालाच काही सांगितलं नव्हतं. तिच्या खोलीत एकच खुर्ची होती, आणि जेवताना ती ओट्याशी उभीच असायची, कारण एका ताटासाठी कोण पसारा मांडणार. तिने बाहेर येऊन घरच्या जुन्या फोनचा नंबर फिरवला. नऊ वर्षांत पहिल्यांदा. बोटांना तो पाठ होता.

हा क्रमांक सेवेत नाही, असं एका अनोळखी बाईच्या आवाजाने सांगितलं.

तिने चार दिवसांची रजा टाकली. आठ वर्षांतली पहिलीच. दुसऱ्या दिवशी दुपारी ती त्या बंदराच्या गावात, आपल्या जुन्या दारासमोर उभी होती. दाराला बाहेरून कुलूप होतं.

३

शेजारच्या दारात मामा उभा होता. आईचा धाकटा भाऊ, तारखात्यातून निवृत्त झालेला, एकटाच राहणारा. तो वाळला होता. आधी त्याने तिला ओळखलं नाही, आणि ओळखल्यावर त्याचा चेहरा उजळायच्या ऐवजी पडला.

"मनू? तू? अचानक?"

"आई कुठे आहे, मामा?"

"ती होय... गेलीय. मैत्रिणीकडे. महिनाभर राहणार म्हणाली."

"कुठली मैत्रीण?"

"शाळेतली. तुला नाही माहीत."

आईच्या शाळेतल्या मैत्रिणी मामाला माहीत असत्या, तर तो नावानिशी त्यांची वंशावळ सांगत बसला असता. मामा कमी बोलला की खोटं बोलतोय, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं.

तिने त्याच्या खोलीवर नजर फिरवली. खिडकीत बरणी, बरणीत दळलेले जवस.

"हे कधीपासून?"

"डॉक्टरांनी सांगितलं. रोज दोन चमचे. आपल्यात मासळी खात नाहीत, मग हेच. म्हणतात यातही ते तुझं ओमेगा असतं."

असतं, पण वेगळ्या जातीचं. जवसाचं माशातल्यासारखं व्हायला शरीर फार कंजूषपणा करतं. मामाचा आकडा चाराच्या पुढे जाणं कठीण. कार्डावरचं रक्त मामाचं नव्हतं. तरी तिने चहाचा कप घेताना त्याची बोटं पाहिली. टोचल्याची खूण नव्हती.

"घराची किल्ली दे."

"किल्ली माझ्याकडे नाही," मामा म्हणाला. त्याच वेळी त्याचा हात आपोआप खिशावर गेला.

ती नुसता हात पुढे करून उभी राहिली. मामाने बराच वेळ त्या हाताकडे पाहिलं, मग किल्ली काढून ठेवली आणि खिडकीकडे तोंड केलं.

"तिने मला शपथ घातलीय, मनू. मला काही विचारू नकोस."

४

घर नीटनेटकं होतं आणि तेच भीतीदायक होतं. फ्रिज बंद करून त्याचं दार फडक्याने उघडं ठेवलेलं. गादीची वळकटी. शिलाई यंत्रावर खोळ, आणि खोळीखाली शाळेच्या गणवेशाची अर्धी शिवलेली बाही, सुई तशीच कापडात. आई सुई कापडात अडकवून कधी उठायची नाही. जातानाची आवराआवर सावकाश झाली होती, पण त्याआधी काहीतरी एकदम घडलं होतं.

कपाटात माशाच्या तेलाच्या गोळ्यांच्या तीन बाटल्या होत्या. तिन्हींची सीलं शाबूत.

बाटल्यांच्या मागे एक फाइल होती. आतापर्यंतचे सगळे रिपोर्ट त्यात तारखेप्रमाणे लावलेले. आकड्यांवर कुठेच खूण नव्हती, कमी-जास्त काहीच लिहिलेलं नव्हतं. पण प्रत्येक रिपोर्टवर अगदी खाली, तपासणाऱ्याच्या सहीखाली, पेन्सिलीने एक बारीक रेघ ओढलेली होती.

ती सही तिची होती.

ती गादीच्या वळकटीवर बसली. आईला माहीत होतं. पहिल्या रिपोर्टपासूनच माहीत होतं. औषधाच्या दुकानातून कुतूहल म्हणून या तपासणीची एक डबी आणली असेल, रिपोर्टवर ही सही दिसली असेल, आणि मग ती दर चार महिन्यांनी बोटाला सुई टोचत राहिली. ओमेगा-३ शी तिला काही देणंघेणं नव्हतं. दोघीही एकमेकींवर नजर ठेवून होत्या आणि दोघींनी तोंडातून चकार शब्द काढला नव्हता.

दारात सावली पडली.

"कोण आहे आत?" एका पुरुषाचा खडा आवाज आला.

५

तो समोरचा इंजिनवाला होता, होड्यांची इंजिनं दुरुस्त करणारा. त्याच्या मागे वरच्या मजल्यावरची भाडेकरू मुलगी उभी होती. ती बर्फाच्या कारखान्यात हिशेबनीस होती. ही नऊ वर्षं न आलेली मुलगी आहे, हे कळल्यावर दोघांचे चेहरे एकदम बंद झाले.

"मावशी बऱ्या आहेत," भाडेकरू म्हणाली. कुणी विचारलं नसताना.

"आजारी आहे असं मी म्हटलंच नाही."

 इंजिनवाल्याने मान दुसरीकडे वळवली.

"तुम्ही दोघं मासळी खाता?"

इंजिनवाल्याला वाटलं आपण काहीतरी चुकीचं ऐकलं. "ताई, बंदरावर राहतो. दोन्ही वेळा. नसली तर मी जेवत नाही."

"आणि तू?"

"मी आठवड्यातून दोनदा," भाडेकरू म्हणाली. "का?"

ठिपकेवालीने मनात आकडे मांडले. इंजिनवाला दहाच्या आसपास असणार. पण भाडेकरू? आठवड्यातून दोनदा मासळी खाणारी तरुण मुलगी सातच्या जवळ सहज पोचते. आकडा तिला नेमका बसत होता.

"तुझी बोटं दाखव."

मुलीने घाबरून दोन्ही हात पुढे केले. बोटं स्वच्छ होती. पण बाही वर सरकली तसा कोपराच्या आतल्या बाजूला जुना, पिवळट पडत आलेला डाग दिसला. ठिपकेवालीने वळून इंजिनवाल्याच्या हाताकडे पाहिलं. त्याच्या ग्रीस लागलेल्या हातावर, नेमक्या त्याच जागी, चिकटपट्टीचा पांढरा तुकडा होता.

"हे काय?"

"इंजिनाचा पत्रा लागला," तो म्हणाला.

"कोपराच्या आत?"

त्याने बाही खाली ओढली. "ताई, तुम्ही नऊ वर्षांनी आलात. आम्हाला उलटतपासणी नका करू." आणि तो निघून गेला. भाडेकरू त्याच्यामागे जाता जाता दारात थबकली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"मावशी तुमच्याबद्दल कधीच वाईट बोलल्या नाहीत. कधीच काही बोलल्या नाहीत," ती म्हणाली आणि पळाली.

६

ठिपकेवाली एकटीच त्या घरात बसली. खिडकीतून बंदराचा आवाज येत होता, कुणीतरी कुणाला तरी हाका मारत होतं, कुणीतरी हसत होतं. तिला एकदम वाटलं की या रस्त्यावरच्या सगळ्यांना एक गोष्ट ठाऊक आहे आणि फक्त आपल्यालाच नाही. तिने पिशवीतून कार्डाचा काढून आणलेला फोटो काढला आणि मांडीवर ठेवला.

भाडेकरूचं रक्त म्हणावं, तर ठिपका फिका का? आठ वर्षांत तिने हजारो ठिपके पाहिले होते. धडधाकट माणसाचं रक्त दाट असतं, ते कागदावर आखडून गडद बसतं. पातळ रक्त पाण्यासारखं पसरतं. हा ठिपका पसरला होता. ज्याच्या अंगात रक्त कमी आहे अशा माणसाचा होता तो. भाडेकरू तर जिना धावत चढत होती.

अक्षर आईचं. थेंब आजारी माणसाचा. मग बोट आईचंच होतं, दुसऱ्या कुणाचं नव्हतं.

पण आईचा आकडा चार. बाटल्यांची सीलं शाबूत. आणि तेवीस दिवसांत माणसाचं रक्त बदलत नाही.

बदलत नाही... कुणी बदललं नाही तर.

ती ताडकन उठली. ७.२ हा आकडा कुणाचाच नव्हता, कारण ते कुणा एकाचं रक्तच नव्हतं. चारवाल्या रक्तात नऊ-दहावालं रक्त मिसळलं, थोडं जुनं आणि पुष्कळ नवं, की सात होतात. आणि या गावात नऊ-दहावालं रक्त घरोघर होतं. बोटं कुणाचीच टोचलेली नव्हती. कोपर टोचलेले होते.

ती मामाच्या दारात गेली तेव्हा मामा अजून खिडकीकडेच तोंड करून बसला होता.

"किती बाटल्या रक्त चढवलं तिला?"

मामाची पाठ हलली. तो वळला नाही.

"तू शपथ मोडलेली नाहीस. मला कुणी सांगितलं नाही, माझं मीच शोधलं. आता एवढंच सांग, किती?"

"सहा," मामा म्हणाला. मग तो रडायला लागला, म्हाताऱ्या माणसाचं कोरडं, बिनआवाजाचं रडणं. "बाही शिवता शिवता यंत्रावरच कोसळली. हाडातला मगज रक्त करायचं विसरत चाललाय म्हणे. मी द्यायला गेलो तर म्हणाले, आजोबा, वय झालं तुमचं. मग हा इंजिनवाला, ती पोरगी, बंदरावरचे लोक, ज्यांच्या पोरांचे गणवेश तिने शिवले ते सगळे रांगेत उभे राहिले. मी नुसता बाकावर बसून होतो, मनू. सख्खा भाऊ, आणि माझा एक थेंब चालला नाही."

ती त्याच्याजवळ खाली बसली.

"मला का नाही कळवलं?"

"तुझ्या बाबांच्या वेळचं विसरलीस?"

ती विसरली नव्हती. बाबांचा रिपोर्ट तिनेच आधी पाहिला होता. त्यांना काही सांगायचं नाही, असं आईने बजावलं होतं. पण बाबांनी तिला थेट विचारलं आणि तिने थेट सांगितलं. त्या दिवसापासून बाबांनी भिंतीकडे तोंड केलं, आणि एकोणीस दिवसांत ते गेले. तू बोलली नसतीस तर ते वर्षभर जगले असते, असं आई म्हणाली होती. मुलगी त्याच आठवड्यात घरातून निघाली.

"ती म्हणते, पोरीला कळलं तर ती येईल, रिपोर्ट वाचेल आणि मला तोंडावर खरं सांगेल," मामा म्हणाला. "ती सांगेल ते खरंच असेल, आणि मला ते ऐकायचं नाही, असं म्हणते."

७

रुग्णालय बंदराच्या पलीकडे होतं, दोन मजल्यांचं. आई खिडकीजवळच्या खाटेवर होती, इतकी लहान झालेली की चादरीवर नुसता चेहरा ठेवल्यासारखा वाटत होता. ती जागी होती. लेकीला पाहून ती दचकली नाही.

"पोचलं का कार्ड?" तिने विचारलं.

"पोचलं."

"बरेच दिवस लागले."

"आई, मला कळू द्यायचं नव्हतं ना? मग कार्ड कशाला पाठवलंस?"

आई छताकडे पाहू लागली. "एक शिल्लक होतं. वाया कशाला घालवायचं, म्हणून."

"चार महिन्यांनी पाठवायचं असतं."

"चार महिन्यांचा भरवसा कुणी द्यावा?" आई चिडून म्हणाली. मग आवाज उतरला. "इथल्या खाटेवर बसून टोचलं. भाडेकरूने टाकलं पेटीत. म्हटलं, आकडा बघेल आणि सही करेल. माझी सही आली की बरं वाटतं मला."

माझी सही, असं ती म्हणाली. लेकीने ती चूक दुरुस्त केली नाही.

 बाजूच्या खाटेवरची बाई कुशीवर वळून झोपेचं सोंग घेऊन ऐकत होती.

"तुझे बाबा," आई म्हणाली, "त्यांना आधीच कळलं होतं. तू सांगायच्या आधी. रात्री मला म्हणायचे, तू का लपवतेस. मी कबूल होत नव्हते. तू नुसतं मोठ्याने बोललीस. मला कुणावर तरी राग काढायचा होता, आणि तू समोर होतीस."

"नऊ वर्षं, आई."

"मी मोजलीत."

लेकीला खूप काही बोलायचं होतं. नऊ वर्षांत तिने ही वाक्यं ओट्याशी उभं राहून कितीदा तरी म्हटली होती, काही रागाची, काही माफीची.  तिने आईचा हात हातात घेतला. तो थंड होता आणि बोटांच्या टोकांना सुयांनी पडलेले घट्टे तेवढे अजून तसेच होते.

"तुला जे ऐकायचं नाही ते मी सांगणार नाही," ती म्हणाली. "विचारलंस तर खोटं मात्र नाही सांगणार."

"नाही विचारणार," आई म्हणाली. थोड्या वेळाने, "आज तरी नाही."

संध्याकाळी परिचारिका फाइल घेऊन आली. रक्ताची पुढची बाटली उद्या, त्यासाठी घरच्या माणसाची सही हवी होती. आजवर सगळीकडे आईने स्वतःच सही केली होती. परिचारिकेने पहिलं पान उघडून लेकीपुढे धरलं.

जवळच्या नातेवाइकाच्या रकान्यात आईच्या अक्षरात लेकीचं नाव होतं, प्रयोगशाळेचा पूर्ण पत्ता होता. त्याच्यापुढे दोन शब्द होते. कळवू नये.

"हे मी बदलू शकत नाही," परिचारिका संकोचून म्हणाली. "रुग्णानेच बदलावं लागतं."

"आण इकडे," आई म्हणाली.

लेकीने तिला उशीला टेकवून बसवलं, फाइल मांडीवर धरली, पेन बोटांत दिलं. आईचा हात थरथरत होता. कागदावर टेकल्यावर मात्र तो थोडा स्थिरावला. तिने ते दोन शब्द एका रेघेने खोडले. दम घेतला. मग वरच्या मोकळ्या जागेत हळूहळू, एकेक अक्षर शिवावं तसं लिहिलं.

इथेच आहे.